सावडीचा बैल

ज्वारीचं कोवळं पान मी आजही हातात घेऊन चुरगळत नाही. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आम्लाच्या बाटल्या हाताळल्या, एकदा प्रयोगशाळेच्या कपाटातून निघालेला साप झाडूनं बाहेर ढकलला, तेव्हा भ्याले नाही. पण विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, धडा जवळ आला की माझ्या तळहाताला घाम सुटायचा. मुलांना वाटायचं, बाईंना हा धडा आवडत नाही. आवडायचा, आणि सगळ्यात जास्त आवडायचा. त्याची भीती मात्र एका दुपारी बसली ती बसलीच, आणि त्या दुपारी चूक माझी होती.

साल बहात्तर. मी जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि नवीन जालन्यात, स्टेशनाजवळ, मामाकडे राहायचे. त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं आणि पाठ फिरवली. नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं. मामीच्या घरात आधीच पाच माणसं आणि सहावी मी. भाद्रपद लागला तसं मामानं हळूच सुचवलं, पंधरा दिवस गावी जाऊन ये. मी वह्या पिशवीत घातल्या आणि भोकरदनच्या गाडीत बसले.

आमचं गाव हसनाबादच्या अलीकडं. तसं मोठं होतं. आठवडी बाजार भरायचा, जनावरांचा दवाखाना होता, एसटी थांब्याजवळ एका खोलीत फोटोवालाही होता. गावाच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती, वस्तीतलं शेवटचं घर आमचं, आणि आमच्या गोठ्याला पाठ लावून चाचांचं घर. चाचा म्हणजे शेजारचे मुसलमान शेतकरी. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, ते भाऊ म्हणायचे.

आमच्याकडं एक बैल आणि त्यांच्याकडं एक. औताला दोन लागतात, म्हणून दोन्ही घरांची सावड होती. एक महिना दोन्ही बैल त्यांच्या गोठ्यात, एक महिना आमच्या. औत सामाईक, पेरणी आलटून पालटून. या सावडीचा एक नियम होता आणि तो कोणी कुठं लिहिलेला नव्हता. बैल ज्याच्या दारी असतील त्यानं आधी दुसऱ्याच्या बैलापुढं वैरण टाकायची, मग घरच्या. पाणी पाजायचं तेही तसंच. आबा म्हणायचे, "घरचं लेकरू उपाशी राह्यलं तर आपण सांभाळू. लोकाचं उपाशी राह्यलं तर तोंड दाखवायला जागा न्हाई."

चाचांचा बैल पांढरा आणि शहाणा. आमचा तांबडा, आणि त्याच्या अंगात सतराशे साठ खोड्या. कोणाच्याही डोक्यावरची टोपी तो जिभेनं ओढायचा. तो महिना आमचा होता, म्हणजे दोघंही आमच्या गोठ्यात होते.

मी घरी पोचले तेव्हा आबा बाजेवर होते. दुष्काळी कामावर खडी फोडताना दगड पायावर पडला होता, पाय सुजून भोपळा झाला होता. आई एकटीच कामावर जात होती. त्यामुळे बैलांचं सगळं माझ्याकडं आलं. मला आनंदच झाला. शहरात शिकून आलेली पोरगी शेणाला हात लावत नाही असं वस्तीत कोणी म्हणू नये, ही माझी एक हौस होती.

दुसरी हौस म्हणजे आबांना शिकवणं. त्या महिन्यात आमच्या सरांनी एन्झाइम शिकवायला घेतलं होतं आणि मी त्यानं झपाटले होते. जिवंत शरीरात हजार कामं चाललेली असतात आणि प्रत्येक कामाला वेगळं एन्झाइम. ते काम घडवून आणतं, वेग देतं, आणि स्वतः मात्र संपत नाही. एक काम उरकलं की दुसऱ्याला मोकळं. आणि एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही. सर म्हणायचे, कुलूप आणि किल्ली. ज्याची किल्ली त्याच कुलपाला. मी आबांच्या हातात भाकरीचा तुकडा दिला आणि म्हटलं, गिळू नका, चावत राहा. ते चावत राहिले. "गोड लागायली," शेवटी ते म्हणाले.

"लाळेतलं एन्झाइम पिठाची साखर करतं," मी सांगितलं. "पण तेच एन्झाइम तुपाला हात लावणार नाही. त्याला फक्त पीठ ओळखता येतं."

आबा चौथी शिकलेले. भाकरी खाताना त्यांना हसू आवरेना. "एवढे दिवस खाऊन राह्यलो, कोणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. त्यांना माझा केवढा अभिमान वाटत होता ते मला दिसत होतं, आणि तो आणखी वाढावा असं मला वाटत होतं.

त्याच दिवशी त्यांनी ती गोष्ट काढली. आमच्या घराला लागून आमचा जमिनीचा तुकडा होता. त्यात ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुंटली होती. आठवड्यापूर्वी एक सर येऊन गेली आणि वाळत चाललेल्या धाटांच्या बुडातून हिरवेगार फुटवे निघाले. सगळ्या शिवारात हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं. आबा तिकडं बघत म्हणाले, "त्याला बैलाचं तोंड लागू देऊ नको, माय. किरळ लागतं म्हणतात."

"किरळ म्हणजे?"

"बैल पडतो. फेस येतो तोंडाला." मग जरा थांबून, दुसरीकडं बघत, "बांधावरच्या दगडाला नारळ फुटला न्हाई तवर जनावर आत घालायचं न्हाई, असं व्हतं पहिलं."

मी हसले. आता हे लिहितानाही ते हसणं कानात येतं आणि स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. बांधावरचा तो शेंदराचा दगड आबांनीच छप्पन साली, दीक्षा घेऊन आल्यावर, उपटून बांधाच्या दगडांत टाकून दिला होता. घरातले देवांचे टाकही त्याच दिवशी गेले. ही गोष्ट आमच्या घरात अभिमानानं सांगितली जायची आणि अजूनही जाते. मी म्हटलं, "आबा, दगड तुम्हीच काढला ना? मग त्याचा नारळ कशाला धरून ठेवला?"

ते ओशाळले. "म्हणतात बुवा," एवढंच म्हणाले आणि भाकरी खाऊ लागले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी कडबा संपला. गोठ्याच्या माळ्यावर नुसता भुसा आणि उंदरांच्या लेंड्या उरल्या होत्या. दोन्ही बैल रिकाम्या गव्हाणी चाटत होते आणि मी जवळ गेले की हंबरत होते. आई पहाटेच कामावर गेली होती. आबांना सकाळी ताप चढला होता, ते आत झोपले होते. त्यांना उठवून विचारावं असं माझ्या मनात आलं आणि गेलं. विचारायचं काय होतं? भुकेलेलं जनावर समोर आणि दहा पावलांवर हिरवा चारा. मी विळा घेतला आणि चांगली पेंढी कापून आणली.

नियमाप्रमाणं आधी पांढऱ्यापुढं टाकली. तो उपाशी होता, बघता बघता त्यानं पेंढी संपवली. उरलं ते, चार मुठी, तांबड्याला दिलं. मग दुसरी पेंढी कापायला गेले.

परत आले तेव्हा पांढरा थरथरत होता. मला वाटलं, माशी चावली असेल. मग तो धापा टाकू लागला, शहाणा बैल डोळे फिरवू लागला, मागचे पाय फाकले आणि भिंतीला घासत तो खाली बसला. तोंडातून फेस आला. हातातली पेंढी कुठं टाकली ते मला आठवत नाही. आबांचा शब्द न् शब्द माझ्या समोर घडत होता.

मला बैलाची भीती वाटली, पण त्याहून मोठी भीती चाचांची होती. ते हसनाबादला गेले होते, दुपारच्या गाडीनं येणार होते. त्यांनी विश्वासानं बांधलेलं जनावर मी माझ्या हातानं मारलं होतं. आणि वस्तीत, गावात काय बोललं जाईल? कोणाच्या दारी कोणाचा बैल मेला, हे गावाला बराबर आठवतं. कारण कोणी विचारत नाही.

मी आबांना हाक मारली की किंचाळले, माहीत नाही. ते काठी टेकत दारात आले. त्यांनी बैलाकडं पाहिलं, खाली पडलेल्या हिरव्या पानांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही. "दवाखान्यात पळ," ते म्हणाले. "जल्दी."

पलीकडून चाची धावत आल्या. त्यांनी एकदा बैल पाहिला आणि काही न विचारता उतारा म्हणून गूळ पाण्यात कालवायला घरात गेल्या. मी पळत सुटले.

दवाखाना दोन-तीन फर्लांगांवर होता. तिथं डॉक्टर नसायचेच, एक स्टॉकमन होते, गाव त्यांनाच डॉक्टर म्हणायचं. मी दारातून ओरडले, "किरळ." मी ज्या शब्दाला दोनच दिवसांपूर्वी हसले होते, तोच शब्द तोंडातून निघाला, कारण दुसरा शब्द मला येत नव्हता. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. पेटी उचलली आणि सायकलवर टांग मारली. मी मागं पळत होते.

गोठ्यात आल्यावर त्यांनी पांढऱ्याचा ओठ उचलला. हिरड्या लाल होत्या. कानाला सुई टोचली, रक्ताचा थेंब आला, लालभडक. माझ्या जिवात जीव आला. इतकं चांगलं रक्त आहे, म्हणजे बैल जगणार.

"बघितलं का किती लाल हाय?" ते म्हणाले. "हेच वाईट."

मला काही समजलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. तेवढ्यात आमच्या तांबड्याला थरथर सुटली. तो अजून उभा होता, पण मान खाली गेली होती आणि नाकपुड्या फुगत होत्या. त्यानं चार मुठीच खाल्ल्या होत्या. पण रिकाम्या पोटी, घाईघाईनं.

स्टॉकमननी पेटी उघडली. दोन बाटल्या काढल्या, उजेडाला धरून पाहिल्या. "हे एकामागून एक शिरेत द्यायचं औषध हाय," ते आबांना म्हणाले. "पण एकाच जनावरापुरतं उरलं. या महिन्यात हे चौथं. समदीकडं हेच चालू हाय. कोणता?"

"अर्धं अर्धं केलं तर?" मी विचारलं.

"तर दोघंबी जातील."

आबा भिंतीला टेकून उभे होते. तांबडा आमचा होता, वासरू असल्यापासून. आबांनी त्याला बाटलीनं दूध पाजलं होतं, कारण त्याची आई लवकर गेली. आबांच्या टोपीला सगळ्यात जास्त छळणारा तोच. मला वाटलं, ते विचार करतील. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि मला मनातून काय हवं होतं ते आजही लिहवत नाही.

"त्यांचा आधी," आबा म्हणाले. वैरण टाकताना म्हणायचे तशाच आवाजात.

स्टॉकमननी शीर शोधायला घेतली. सुईवरून नजर न काढता म्हणाले, "तांबड्याला पाजता येईल. हायपो लागंल, छटाकभर. आपल्याकडलं संपलं."

हायपो. तो शब्द मला ओळखीचा होता. कॉलेजात आयोडिनच्या प्रयोगात आम्ही ते थेंब थेंब सोडायचो आणि निळा रंग उडाला की थांबायचो. आणि फोटो धुवायला तेच लागतं. जूनमध्ये मी कॉलेजच्या ओळखपत्रासाठी फोटो काढला तेव्हा आमच्या फोटोवाल्याच्या फळीवर त्याचा डबा पाहिला होता. "फोटोवाल्याकडं आहे," मी ओरडले.

"कोरडं आण. नवं, खडीसाखरेसारखं दिसतं ते. फोटो धुतलेलं पाणी आणू नको, त्यात चांदी असती."

मी पुन्हा पळाले. तोंडात रक्ताची चव येत होती आणि मनात एकच चाललं होतं: तो उभा आहे, अजून उभा आहे, उभं जनावर मरत नाही. हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. भ्यालेलं माणूस स्वतःच नियम करतं.

फोटोवाल्याचं दुकान उघडं होतं, पण आतल्या अंधाऱ्या खोलीचं दार बंद. मी दार ठोठावलं. आतून आवाज आला, "दार उघडू नका. फिल्म बाहेर हाय, समदा रोल जाईल. दोन मिनिटं."

"हायपो पाहिजे," मी म्हटलं.

"देतो, देतो. दोन मिनिटं."

आणि मी थांबले. मुलखाची मूर्ख मी, थांबले. हायपो पाहिजे म्हणाले, बैल मरतोय म्हणाले नाही. कॉलेजात मला शिकवलं होतं की प्रयोगशाळेच्या बंद दारातून आत शिरू नये, दुसऱ्याचं काम बिघडवू नये. मी शहाण्या मुलीसारखी बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर नवरा-नवरीचे, पैलवानाचे, टोपीतल्या लेकरांचे फोटो होते. मी ते बघत राहिले आणि आत पाण्याचा आवाज येत राहिला. दोन मिनिटांची पाच झाली असतील. मग मला राहवलं नाही, मी ओरडले, "माझा बैल मरून राह्यला हो."

दार तत्काळ उघडलं. त्यांच्या हाताला फिल्म तशीच चिकटलेली, ओली, उजेडात. "आधी सांगायचं न्हाई का, बाई," एवढंच ते म्हणाले. रोल गेला होता. त्यांनी डब्यातून ओंजळभर खडे कागदात बांधून दिले आणि तराजूला हातही लावला नाही.

मी पोचले तेव्हा गोठ्यात शांतता होती. पांढरा बसला होता, पण मान वर होती. धाप कमी झाली होती. तांबडा आडवा पडला होता. चाचींनी पाजलेलं गुळाचं पाणी त्याच्या तोंडातून बाहेर आलं होतं आणि त्यावर माशा बसत होत्या. आबा दुखरा पाय लांब करून त्याच्या डोक्यापाशी बसले होते. त्यांनी टोपी काढून त्याच्या तोंडाजवळ ठेवली होती.

मी पुडी पुढं केली. "कालव," स्टॉकमन म्हणाले, "याला पाजू. पोटात उरलं असंल त्याला उपयोग होईल." मी पाण्यात खडे विरघळवले. ते पाणी पांढऱ्याला पाजलं. दुपार कलेपर्यंत तो उभा राहिला.

खरी भीती पुढंच होती. चाचा गाडीनं उतरले, त्यांना वाटेतच कोणी सांगितलं असणार, कारण ते पळत आले. गोठ्यात येऊन आधी त्यांनी पांढऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तांबड्याकडं पाहिलं. मग खाली बसले. म्हणाले, "हमारा उठ्या, तुमारा गया, भाऊ."

आबा तांबड्याच्या मानेवरच्या माशा हाकत राहिले.

"कोन खिलाया?"

मी बोलणार होते. देवाशपथ म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही, पण खरंच बोलणार होते. तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही.

"माझ्याच हातानं झालं," आबा म्हणाले.

चाचांनी मान हलवली. मग उठून फावडं आणलं. मेलेलं जनावर ओढणं आमच्या लोकांनी छप्पन सालीच सोडलं होतं, आणि गावानं आबांना त्या कामाला पुन्हा कधी बोलवू नये म्हणून आबांनी काय काय सोसलं होतं ते चाचांना माहीत होतं. स्टॉकमन सांगून गेले की कातडं काढू नका, खोल पुरा. चाचांनी शेताच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. आबांना उठू दिलं नाही. मी माती उपसायला गेले तर मला मात्र नाही म्हणाले नाहीत. संध्याकाळी आई कामावरून आली तेव्हा माती टाकून झाली होती.

रडणं मला नंतर, जालन्यात गेल्यावर आलं. कॉलेजच्या ग्रंथालयात मी जीवरसायनशास्त्राचं जाडं पुस्तक काढलं आणि ज्वारी शोधली. पुस्तकात ज्वारी असेल याची मला खात्री नव्हती. होती. कोवळ्या आणि उन्हानं खुंटलेल्या पानात एक विष असतं, पण ते साखरेला बांधलेलं, आणि बांधलेलं आहे तोवर निरुपद्रवी. पानाच्याच दुसऱ्या पेशींत एक एन्झाइम असतं आणि त्याला जगातली ही गाठ तेवढी सोडता येते. पान उभं आहे तोवर दोघांची भेट नाही. चावलं, भिंती फुटल्या, भेट झाली, गाठ सुटली, विष मोकळं. मोकळं झालेलं विष जाऊन बसतं ते दुसऱ्या एका एन्झाइमवर, ज्याच्यामुळं शरीरातली प्रत्येक पेशी प्राणवायू वापरते. कुलपात काडी मोडून अडकावी तसं. मग रक्तात प्राणवायू भरलेला असतो, वापरणारं कोणी नसतं. म्हणून ते रक्त तसं लालभडक. मी पुस्तक मिटलं, कारण मला तो थेंब दिसत होता.

हायपोचंही होतं. बैलाच्या यकृतात तिसरं एक एन्झाइम असतं, ते गंधक घेऊन विषाला चिकटवतं आणि विषाचं विषपण जातं. एन्झाइम प्रत्येक बैलाकडं असतंच. कमी पडतं ते गंधक, आणि ते हायपोत असतं. म्हणजे तांबड्याकडं किल्ली होती. माझ्या पुडीत जे होतं, तेवढंच त्याच्यापाशी नव्हतं. आणि मी बाकावर बसून पैलवानाचा फोटो बघत होते.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आले आणि आधी चाचांच्या घरी गेले. दारातच उभी राहून सांगितलं, चारा मी कापला, आबांनी नाही. चाचा सुतळी वळत होते. "मालूम था बेटी," ते म्हणाले. "तेरे आबा से खडे रहना होता नै था. चारा क्या बैल खुद काट्या?" आणि चाचींना चहा टाकायला सांगितला.

मग आबांना सगळं सांगितलं. पानातल्या दोन खोल्या, गाठ, कुलपातली काडी. ते मन लावून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "वाळलेल्या कडब्यानं कसं काय व्हत न्हाई मंग?"

"वाळताना विष उडून जातं. आणि ज्वारी वाढली, निसवली, की कमी होत जातं. तेव्हा चरली तर फारसं भय नाही."

"नारळ तवाच फुटायचा," आबा म्हणाले. "कणीस बाहेर पडल्यावर. त्याच्या आधी कधीच न्हाई."

दगडाचा काही संबंध नव्हता, नारळाचाही नव्हता. दिवस मात्र बराबर होता. कोणा कोणाची किती जनावरं पडली असतील तेव्हा तो दिवस ठरला असेल, आणि विसरू नये म्हणून त्याला दगडाशी बांधून ठेवलं असेल. आम्ही दगड टाकला, ते योग्यच केलं. त्याला बांधलेलं काय होतं ते सोडवून घ्यायचं राहिलं.

"मला ठावं व्हतं, माय," आबा हळू आवाजात म्हणाले. "लहानपणापासून ठावं व्हतं. डोळ्यांनी पाह्यलं व्हतं. 'म्हणतात बुवा' न्हाई, पाह्यलं व्हतं. पण तू हसलीस, आन् मला लाज वाटली तुझ्यापुढं. दगडवाला म्हणशील म्हणून गप बसलो."

गोठ्यात पांढरा थरथरला तेव्हा भ्याले होते त्याहून मी आता जास्त भ्याले. तांबडा तर गेला होता. पण या माणसानं माझ्या हसण्याला भिऊन आणखी काय काय पोटात ठेवलं असेल? विहिरीचं, आजाराचं, मातीचं, माणसांचं? मी किती वेळा हसले होते, मला आठवेना.

"आबा," मी विचारलं, "अजून काय काय सांगायचं राह्यलंय?"

त्यांनी रिकाम्या दाव्याकडं पाहिलं.

"तू इचारत जा," ते म्हणाले.